एका थराचा अतिसंवाहक आणि मायोराना: नक्की काय दिसलं म्हणजे मान्य करायचं?

स्फटिक

नमस्कार मंडळी,

'मायोराना सापडला' (काही खास अतिसंवाहकांत बरोबर शून्य ऊर्जेला येणारी एक अवस्था, पुढे सांगते) अशी बातमी अधूनमधून येते, तिच्यावर क्वांटम कॉम्प्युटरची स्वप्नं रंगवली जातात आणि काही वर्षांनी तो शोधनिबंध मागे घेतल्याची चार ओळींची बातमी कुठेतरी कोपऱ्यात छापून येते. या गदारोळात मूळ विषय बाजूला पडतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. मुलं वर्गात विचारतात, 'मॅडम, मग ते खरं की खोटं?' एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगते. मोजक्या अणूंच्या जाडीचे पदार्थ टोपॉलॉजिकल अतिसंवाहकतेसाठी (जिची ओळख एका सहज न बदलणाऱ्या पूर्णांकाने ठरते, तिच्यासाठी) महत्त्वाचे आहेत, कारण त्यांच्यात दावा तपासून घेता येतो. एकाच नमुन्याचं गेट व्होल्टेज (शेजारच्या धातूच्या पट्टीवरचं, थरातले इलेक्ट्रॉन कमी-जास्त करणारं व्होल्टेज) बदललं की तो कधी विद्युतरोधक, कधी धातू, कधी अतिसंवाहक होतो. जाड स्फटिकात ही सोय नाही. आणि ज्याला ही सोय आहे त्याच्याकडून जास्त कडक पुरावा मागायला हवा.

थोडी पार्श्वभूमी. १९११ साली लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा ४.२ केल्विनच्या आसपास थंड केल्यावर त्याचा रोध एकदम नाहीसा झाला. त्याचं कारण बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी १९५७ साली दिलं: इलेक्ट्रॉन जोड्या करून वाहतात. नेहमीच्या अतिसंवाहकात जोडीतल्या दोघांचे स्पिन विरुद्ध असतात आणि जोडीचा कोनीय संवेग शून्य असतो. इथे लागणाऱ्या 'पी-वेव्ह' प्रकारात मात्र जोडी एका ठरावीक दिशेने फिरत असते. संवेगाच्या वर्तुळावर एक चक्कर मारली की जोडीच्या तरंगाची फेजही बरोबर एक पूर्ण फेरी घेते. फेऱ्यांची ही संख्या पूर्णांकच असते. कमरेच्या पट्ट्याला एक पीळ देऊन बक्कल लावलं की पट्टा कितीही ओढला-ताणला तरी पीळ जात नाही, बक्कल सोडावंच लागतं. तसंच थोड्याफार अशुद्धीने किंवा ताणाने ही संख्या बदलत नाही. ती बदलायची तर ऊर्जेतली फट, म्हणजे गॅप, बंद व्हावी लागते.

पदार्थाच्या काठापलीकडे ही संख्या शून्य असते, म्हणून काठावर गॅप बंद होणं भागच आहे. तिथे एकाच दिशेने धावणारी अवस्था तयार होते. चुंबकीय क्षेत्रामुळे पदार्थात जे भोवरे पडतात, त्यांच्या गाभ्यातही बरोबर शून्य ऊर्जेची एक अवस्था येते. रीड आणि ग्रीन यांनी २००० साली द्विमिती पदार्थांसाठी हे मांडलं. या शून्य ऊर्जेच्या अवस्थेलाच मायोराना म्हणतात, कारण ती स्वतःच स्वतःची प्रतिअवस्था असते. एत्तोरे मायोराना या इटालियन शास्त्रज्ञाने १९३७ साली असा कण गणितात दाखवला आणि पुढच्याच वर्षी तो बोटीच्या प्रवासात बेपत्ता झाला. त्याचं काय झालं याची चर्चा आजही चालते, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

आता पातळ पदार्थांकडे. निओबियम डायसेलेनाइडचा एक थर म्हणजे खरं तर तीन अणूंची चळत: वर सेलेनियम, मध्ये निओबियम, खाली सेलेनियम. जाड स्फटिक ७.२ केल्विनला अतिसंवाहक होतो, एकटा थर साधारण ३ केल्विनला. इतक्या कमी तापमानाच्या अतिसंवाहकाला थराच्या समांतर चुंबकीय क्षेत्र लावलं, तर साडेपाच टेस्लाच्या आसपास जोड्या तुटायला हव्यात. ही पाउली मर्यादा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत एकटा थर या मर्यादेच्या सहापटीपुढेही तग धरून असल्याचं दिसलं. कारण असं, की एकट्या थरात वर-खाली अशी सममिती उरत नाही आणि अणू जड असल्यामुळे इलेक्ट्रॉनचे स्पिन थराला लंब दिशेत घट्ट बांधले जातात. समांतर क्षेत्राला ते वाकवताच येत नाहीत. याला आयसिंग अतिसंवाहकता म्हणतात. ही अजून टोपॉलॉजिकल नाही, पण तिच्यावर इमारत उभी करता येते.

ती उभी करायचा एक प्रयत्न फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात झाला. तिथल्या गटाने निओबियम डायसेलेनाइडवर क्रोमियम ट्रायब्रोमाइड या चुंबकी पदार्थाची एका थराची बेटं वाढवली आणि स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपची (पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून जागोजागी प्रवाह मोजणाऱ्या यंत्राची) सुई त्या बेटांवरून फिरवली. बेटाच्या आत गॅप, आणि काठावर शून्य ऊर्जेला संकेत. निबंध २०२० साली 'नेचर'मध्ये आला. मला तो मनापासून आवडतो, कारण त्यात संकेत *कुठे* दिसतो हेही तपासलं आहे. आत नाही, काठावर आहे.

दुसरं उदाहरण टंगस्टन डायटेल्युराइडचं. याचा एकटा थर आधीपासूनच टोपॉलॉजिकल विद्युतरोधक: आत वीज वाहत नाही, काठावर वाहते. २०१८ साली 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन गटांनी दाखवलं, की गेटने त्यात इलेक्ट्रॉन भरले की साधारण १ केल्विनच्या खाली तोच थर अतिसंवाहक होतो. दोन वेगळे पदार्थ चिकटवायची गरज नाही. एकाच पापुद्र्यावर शेजारी-शेजारी दोन गेट ठेवले तर एक भाग टोपॉलॉजिकल विद्युतरोधक आणि लगतचा भाग अतिसंवाहक, असं निदान तत्त्वतः तरी करता येतं.

आणि अलीकडचं, मला सगळ्यात रोचक वाटणारं: रॉम्बोहेड्रल ग्राफीन. चार किंवा पाच थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा सरकलेला, जिन्याच्या पायऱ्यांसारखी रचना. लाँग जू यांच्या एमआयटीतल्या गटाने २०२५ साली 'नेचर'मध्ये कळवलं, की यात सुमारे ०.३ केल्विनच्या खाली अतिसंवाहकता येते, आणि ती येते अशा अवस्थेतून जिथे सगळे इलेक्ट्रॉन एकाच स्पिनचे आणि एकाच व्हॅलीचे (ग्राफीनच्या ऊर्जापट्ट्यांतल्या दोन दऱ्यांपैकी एकीचे) असतात. शिवाय चुंबकीय क्षेत्र पुढे-मागे नेलं की रोध उड्या मारतो, त्यात हिस्टेरिसिस दिसतो, म्हणजे जातानाची वाट आणि येतानाची वाट वेगळी. म्हणजे अतिसंवाहकाला स्वतःचं चुंबकत्व आहे! अतिसंवाहकता आणि चुंबकत्व एकमेकांचे वैरी असं आपण शिकलो. पण शीर्षकात त्यांनी 'संकेत' असाच शब्द वापरला आहे, आणि तो योग्य आहे. काठावरची अवस्था अजून कोणी दाखवलेली नाही.

तर प्रश्न असा: काय काय दिसलं तर तुम्ही 'हो, टोपॉलॉजिकल आहे' म्हणाल?

मंजिरी_

फार छान धागा, स्फटिकताई. एक शंका. आयसिंग अतिसंवाहकता टोपॉलॉजिकल का नाही? स्पिन बांधलेले, सममिती मोडलेली, सगळं साहित्य तर जमलेलं दिसतंय.

स्फटिक

मंजिरी, नेमका प्रश्न विचारलास. त्या थरात वर-स्पिन आणि खाली-स्पिन अशा दोन्ही पट्ट्या फर्मी पातळीला (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात त्या ऊर्जेला) हजर असतात. एकीचा हिशेब दुसरी फेडून टाकते. पी-वेव्हसारखं वागवायचं तर इलेक्ट्रॉनची एकच जात उरायला हवी, म्हणजे हिशेब विषम व्हायला हवा. आल्टोच्या प्रयोगात चुंबकी बेट हेच काम करतं, एका जातीला बाजूला सारतं. रॉम्बोहेड्रल ग्राफीनमध्ये इलेक्ट्रॉन आपसातल्या प्रतिकर्षणामुळे आपणहूनच एका जातीत गोळा होतात, बाहेरून चुंबक आणावा लागत नाही. म्हणून मी त्यावर इतकी खूश आहे.

नचिकेत_पुणे

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे भौतिकीत चूक झाली तर सांभाळून घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'मायोराना १' चिप जाहीर केली होती ना? मग काठावरचा पुरावा अजून नाही हे कसं?

शून्य_केल्विन

नचिकेत, ती चिप वेगळ्या जातीची. तिच्यात इंडियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम यांच्या बारीक तारा आहेत, स्फटिक ताईंनी सांगितलेले अणूच्या जाडीचे पदार्थ नाहीत. आणि त्यासोबत 'नेचर'मध्ये आलेला निबंध तारेतल्या इलेक्ट्रॉनांची संख्या सम की विषम हे मोजण्याबद्दल होता. त्याच्या परीक्षण फाइलमध्ये संपादकांनी स्वच्छ नोंद केली आहे की हे निकाल त्या उपकरणांत मायोराना असल्याचा पुरावा नव्हेत. प्रसिद्धिपत्रकातली भाषा आणि निबंधातली भाषा यांत बरंच अंतर होतं. त्यानंतर अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या मार्चच्या अधिवेशनात यावर चांगलीच खडाजंगी झाली.

मी कमी तापमानाच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून स्फटिक ताईंच्या प्रश्नाला माझ्या बाजूने उत्तर देतो. आधी काय पुरेसं *नाही* ते सांगतो.

शून्य व्होल्टेजला चालकतेत शिखर दिसणं, झीरो-बायस पीक, हे पुरेसं नाही. २०१२ साली डेल्फ्टमध्ये इंडियम अँटिमोनाइडच्या तारेत ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा सगळे हरखले होते, आणि तेव्हा हरखणं रास्तही होतं. पण पुढे कळलं की तारेच्या टोकाला विभव सावकाश बदलत असेल, तर साध्या अँड्रीव्ह अवस्थाही (अतिसंवाहकाच्या सीमेशी अडकलेल्या, मायोराना नसलेल्या अवस्था) शून्याजवळ येऊन चिकटतात. २०१८ साली 'नेचर'मध्ये त्याच क्षेत्रातून दावा आला की शिखराची उंची बरोबर 2e²/h भरते (e म्हणजे इलेक्ट्रॉनचा भार, h म्हणजे प्लांकचा स्थिरांक), जशी मायोरानाची भरायला हवी. फ्रोलोव्ह आणि मूरिक या भौतिकशास्त्रज्ञांनी मूळ माहिती मागवून तपासली तेव्हा छापलेल्या आलेखांत काही माहिती वगळलेली निघाली. निबंध मार्च २०२१ मध्ये मागे घेतला गेला.

दुसरं प्रकरण २०१७ चं. चुंबकी टोपॉलॉजिकल विद्युतरोधकाच्या पातळ फिल्मवर निओबियमची पट्टी, आणि चालकता अर्ध्या e²/h वर सपाट. केवढा जल्लोष झाला होता! नंतर इतरांनी दाखवलं, की निओबियमची पट्टी मध्ये नुसती जोडतार बनून बसली तरी दोन भाग एकापाठोपाठ येतात आणि उत्तर अर्धंच येतं. मायोराना असो वा नसो. २०२० साली पेन स्टेटच्या गटाने असंच वेगवेगळ्या उपकरणांत मोजून सांगितलं आणि २०२२ मध्ये तो निबंधही मागे घेतला गेला.

यातून मी शिकलो ते हे: आकडा बरोबर येणं आणि कारण बरोबर असणं या दोन गोष्टी आहेत. तोच आकडा दुसऱ्या कुठल्या मार्गाने येऊ शकतो, हे स्वतः शोधून ती वाट बंद करायची जबाबदारी दावा करणाऱ्याची.

तिसरा_बाक

शून्य_केल्विन, +१. त्यात एक जुनी गोष्ट जोडतो. १९८९ साली बेल लॅब्जमध्ये हॅरल्ड हेस यांनी निओबियम डायसेलेनाइडच्याच भोवऱ्याच्या गाभ्यात टनेलिंगने शून्य व्होल्टेजला शिखर पाहिलं होतं. तो अगदी साधा अतिसंवाहक. गाभ्यातल्या अवस्थांमधलं अंतर गॅपचा वर्ग भागिले फर्मी ऊर्जा इतकं असतं. फर्मी ऊर्जा मोठी असली की हे अंतर इतकं बारीक होतं की सगळ्या अवस्था मिळून शून्यावर एकच शिखर दिसतं. लोह-टेल्युरियम-सेलेनियमच्या पदार्थात फर्मी ऊर्जा काही मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट एवढीच आहे, म्हणून तिथे अवस्था सुट्या दिसायची आशा असते. २०१८ साली त्यातल्या भोवऱ्यांत शून्याला वेगळं शिखर दिसल्याचे निबंध आले ते याच कारणाने गाजले. तरी सगळ्या भोवऱ्यांत ते सापडत नाही, काहींत असतं, काहींत नसतं. हे का, यावर अजून वाद आहे.

निवृत्त_अभियंता

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मी वीज मंडळातून निवृत्त झालो, ट्रान्सफॉर्मरमध्ये आयुष्य गेलं. मला मुळातच एक अडचण आहे. द्विमितीत पक्की सुव्यवस्था टिकू शकत नाही असं एक प्रमेय असल्याचं मी वाचलं आहे. मग एका थरात अतिसंवाहकता टिकते तरी कशी? हा पायाच कच्चा नाही का?

स्फटिक

काका, प्रश्न एकदम मुळाशी जाणारा आहे. तुम्ही म्हणता ते मर्मिन-वाग्नर प्रमेय. द्विमितीत उष्णतेच्या हेलकाव्यांमुळे लांब पल्ल्याची सुव्यवस्था मोडते हे खरंच. पण ती संथपणे मोडते, अंतराच्या एका ठरावीक घाताच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जाते, एकदम कोसळत नाही. बेरेझिन्स्की यांनी १९७१ च्या सुमारास आणि मग कॉस्टरलिट्झ व थाउलेस यांनी दाखवलं, की कमी तापमानाला भोवरे आणि उलट्या दिशेचे भोवरे जोडीने बांधलेले राहतात. जोडी बांधलेली असेपर्यंत वीज रोधाशिवाय वाहते. तापमान एका टोकाच्या पुढे गेलं की भोवरे सुटे होतात, इकडेतिकडे सरकतात, आणि सरकणारा भोवरा म्हणजेच व्होल्टेज. कॉस्टरलिट्झ आणि थाउलेस यांना हाल्डेन यांच्यासोबत २०१६ चं नोबेल मिळालं त्यात हे कामही होतं. प्रयोगात याची खूण चांगली दिसते: त्या संक्रमणाच्या तापमानाला व्होल्टेज हा प्रवाहाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पातळ थरांवरच्या निबंधांत हा आलेख बहुतेक वेळा असतोच.

निवृत्त_अभियंता

समजलं. घनाचा नियम मोजता येण्यासारखा आहे, तेव्हा माझी शंका फिटली. धन्यवाद.

चिकट_टेप

मी हे थर प्रत्यक्ष रचते, पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे. इथे सगळी चर्चा मोजमापांवर चालली आहे, पण नमुना बनतो कसा हे माहीत नसेल तर कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा हे कळणार नाही, म्हणून लिहिते.

२००४ साली मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्राफाइटचा पापुद्रा सोलला. आम्ही आजही तेच करतो. पट्टी सिलिकॉनच्या चकतीवर दाबायची. चकतीवर साधारण २८५ नॅनोमीटरचा ऑक्साइड असतो. त्या जाडीला एकटा थरसुद्धा साध्या मायक्रोस्कोपखाली किंचित गडद दिसतो, नजर बसली की ओळखू येतो. टंगस्टन डायटेल्युराइडचं काम मात्र हवेत होत नाही. उघड्यावर एकटा थर पाहता पाहता खराब होतो, म्हणून नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेल्या ग्लव्ह बॉक्समध्ये, जाड रबरी हातमोज्यांतून, सगळं. मग हेक्सागोनल बोरॉन नायट्राइडचे दोन पापुद्रे, एक वर, एक खाली, म्हणजे मधला थर बंदिस्त. हे बोरॉन नायट्राइड जगभरातल्या बहुतेक गटांकडे जपानमधल्या त्सुकुबाहून येतं, तानिगुची आणि वातानाबे या दोघांनी वाढवलेलं. या क्षेत्रातल्या किती निबंधांवर त्या दोघांची नावं आहेत ते पाहिलं की आदराने हात जोडावेसे वाटतात.

उचलायचं कसं? काचपट्टीवर पारदर्शक सिलिकोन रबराचा छोटा घुमट, त्यावर पॉलिकार्बोनेटचा पातळ पडदा. घुमट हळूहळू खाली आणायचा, पापुद्र्याला टेकला की थोडं तापवायचं, मग वर. टेकण्याची सीमारेषा मायक्रोस्कोपमध्ये सरकताना दिसते. ती एकसारखी सरकली पाहिजे, अडखळली की मध्ये बुडबुडा राहतो. शेवटी १८० अंश सेल्सिअसच्या आसपास पडदा वितळवून रचना चकतीवर सोडायची आणि क्लोरोफॉर्मने धुवायची.

रॉम्बोहेड्रल ग्राफीनचं दुखणं आणखी वेगळं. सोललेल्या पापुद्र्यात साधी बर्नल रचना (थर आलटून-पालटून सरकलेले) आणि रॉम्बोहेड्रल रचना यांचे पट्टे शेजारी-शेजारी असतात. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, रामन किंवा नियर-फील्ड इन्फ्रारेड या प्रकाशाच्या पद्धतींनी नकाशा काढावा लागतो. आणि बर्नल रचना जास्त स्थिर असल्यामुळे रचताना थोडा जोर पडला की रॉम्बोहेड्रल भाग घसरून बर्नल होतो. म्हणून आधी तेवढा भाग कापून बेटासारखा वेगळा करतात.

माझा मुद्दा: प्रत्येक उपकरण वेगळं निघतं. बुडबुडा कुठे, ताण कुठे, कोन किती, हे सगळं मोजमापात उतरतं. दोन थर पिळून केलेल्या टंगस्टन डायसेलेनाइडमध्ये अतिसंवाहकता सापडल्याचे दोन निबंध २०२५ साली आले. कॉर्नेलच्या गटाचा कोन ३.६५ अंश, कोलंबियाचा ५ अंशांच्या आसपास, आणि दोन्ही ठिकाणी परिस्थिती बरीच वेगळी. म्हणून एका सुंदर उपकरणाचा आलेख दाखवला तर मी मान डोलावेन, पण मान्य करणार नाही. न जमलेल्या उपकरणांचे आलेखही निबंधाला जोडा, हे माझं मागणं.

शून्य_केल्विन

चिकट_टेप, शेवटचं वाक्य सोनेरी अक्षरात लिहावं असं आहे. २०१८ च्या त्या निबंधात नेमकं तेच झालं असतं तर मागे घ्यायची वेळ आली नसती.

मंजिरी_

स्ट्रॉन्शियम रुथेनेटबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. ते अणूच्या जाडीचं नाही, पण थरांचं आहे आणि या चर्चेला फार लागू आहे. १९९४ साली माएनो आणि सहकाऱ्यांनी त्यातली अतिसंवाहकता शोधली. १९९८ साली एनएमआरच्या (रेडिओ स्पंदनांनी अणुकेंद्रं तपासण्याच्या) मोजमापात दिसलं, की अतिसंवाहक झाल्यावरही नाइट शिफ्ट, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या स्पिनमुळे केंद्राच्या वारंवारतेत पडणारा फरक, बदलत नाही. अर्थ असा की जोडीतले स्पिन समांतर असणार. मग तो वीस वर्षं पी-वेव्ह अतिसंवाहकाचा आदर्श नमुना म्हणून पाठ्यपुस्तकांत राहिला. २०१९ साली यूसीएलएच्या स्टुअर्ट ब्राउन यांच्या गटाने पाहिलं की एनएमआरच्या स्पंदनांनी नमुनाच तापतो आणि मोजताना तो क्षणभर अतिसंवाहक राहतच नाही. हलक्या स्पंदनांनी मोजलं तर शिफ्ट चक्क घटते. जपानी गटाने स्वतः पुन्हा मोजून ते मान्य केलं, हे मला फार मोठेपणाचं वाटतं.

०.३ केल्विनच्या ग्राफीनमध्ये नमुना मोजण्यानेच तापत नाहीये, हे आधी पाहायला हवं.

स्फटिक

मंजिरी, तू लिहिलंस ते बरं झालं. रुथेनेटच्या वेळी हातात जाड स्फटिकच होता, गेट नव्हतं. ग्राफीनमध्ये गेट सरकवला की अतिसंवाहकता जाते आणि तोच नमुना, त्याच तारा, त्याच तापमानात साधा धातू होतो. तापण्याचा परिणाम असेल तर तो दोन्हीकडे दिसेल, आणि दिसला की वजा करता येईल. मी पातळ पदार्थांच्या बाजूने बोलते ते एवढ्याच कारणाने.

नचिकेत_पुणे

आणि समजा उद्या सगळं सिद्ध झालं. मग क्वांटम कॉम्प्युटर तयार का? मायोराना एकमेकांभोवती फिरवले की गणित होतं, आणि चूक होत नाही, असं काहीसं ऐकलं होतं.

तिसरा_बाक

नचिकेत, अर्धं खरं आहे. दोन मायोराना मिळून एक इलेक्ट्रॉनी अवस्था होते. ती भरलेली की रिकामी, ही माहिती दोन दूरच्या ठिकाणी मिळून साठवलेली असते, त्यामुळे एका जागच्या गोंधळाने पुसली जात नाही. एकाला दुसऱ्याभोवती फिरवलं की अवस्था बदलते आणि तो बदल कुठल्या वाटेने फिरवलं यावर अवलंबून नसतो. पण या जातीच्या मायोरानांना फिरवून फक्त क्लिफर्ड गटातल्या क्रिया मिळतात. त्या साधा कॉम्प्युटरही जलद नक्कल करून दाखवू शकतो. पूर्ण क्वांटम गणनेसाठी आणखी एक क्रिया लागते, आणि ती संरक्षित नसते, तिथे चूकदुरुस्ती वेगळी करावीच लागते. आणि अणूच्या जाडीच्या पदार्थात मायोरानाचे भोवरे एकमेकांभोवती मर्जीप्रमाणे फिरवायचं काम तर माझ्या माहितीत अजून कोणी केलेलं नाही.

जिज्ञासू_सोलापूर

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सगळं समजलं असं नाही, पण रात्री बसून दोनदा वाचलं. दोन प्रश्न. एक, भारतात हे काम कुठे चालतं? दोन, सगळे 'काय पुरेसं नाही' ते सांगतायत. मग पुरेसं काय आहे?

शून्य_केल्विन

पहिल्याचं उत्तर: मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) मंदार देशमुख यांचा गट ग्राफीनचे थर पिळून काम करतो. पिळलेल्या दुहेरी-दुहेरी ग्राफीनमध्ये टोपॉलॉजी बदलताना बेरी वक्रतेचा (इलेक्ट्रॉनांच्या तरंगांची भूमिती सांगणाऱ्या राशीचा) परिणाम मोजल्याचा त्यांचा निबंध २०२२ साली 'नेचर फिजिक्स'मध्ये आला होता. त्याच संस्थेत २०१६ साली शुद्ध बिस्मथ ०.५३ मिलिकेल्विनला अतिसंवाहक होतो हे सापडलं, म्हणजे कमी तापमानाची परंपरा तिथे घट्ट आहे. बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत अनेक गट आहेत. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३.६५ कोटी रुपये आहेत आणि क्वांटम पदार्थांचं केंद्र आयआयटी दिल्लीला दिलं आहे. एमएस्सी करताना उन्हाळी प्रकल्पासाठी यांपैकी कुठेही अर्ज कर, आणि नकार आला तरी पुढच्या वर्षी पुन्हा कर.

दुसऱ्याचं स्फटिक ताईंनी द्यावं, धागा त्यांचा आहे.

स्फटिक

जिज्ञासू, दोनदा वाचलंस हे वाचून फार बरं वाटलं.

माझ्या मते एका मोजमापाने कधीच पुरणार नाही. पण कुठलं सगळ्यात वजनदार, असं विचारशील तर मी उष्णता म्हणेन. वीज मोजताना फसवणूक होते, कारण काठावरच्या मायोरानाला विद्युतभारच नसतो आणि आपण मात्र भार मोजत बसतो. उष्णता तो वाहून नेतो. आणि नेमकी किती, तेही ठरलेलं आहे. साध्या इलेक्ट्रॉनच्या एका काठाच्या वाटेने उष्णतावहनाचा एक क्वांटम जातो, तापमानाने भागल्यावर साधारण ०.९५ पिकोवॉट प्रति केल्विन वर्ग. मायोरानाच्या वाटेने बरोबर त्याच्या निम्मा. हा अर्धा निओबियमच्या जोडतारेने येत नाही, कारण अतिसंवाहक जोड्या उष्णता वाहत नाहीत.

हे मोजणं अशक्य नाही. २०१८ साली वाइझमन संस्थेत मिताली बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडमध्ये, क्वांटम हॉल अवस्थेच्या (तीव्र चुंबकीय क्षेत्रात पातळ थराचा आतला भाग विद्युतरोधक होतो आणि वीज काठावरूनच वाहते, तिच्या) ५/२ या पायरीवर, अडीच क्वांटम उष्णता मोजली, आणि त्यातला तो अर्धा हाच. ग्राफीनच्या काठावरून जाणारी उष्णता बंगळुरूला अनिंद्य दास यांच्या गटाने मोजली आहे, २०१९ चा निबंध आहे. म्हणजे पद्धत आपल्याकडेच आहे, पदार्थही त्याच घरातला.

अडचण कुठे आहे ते सांगते. त्या पद्धतीत मध्ये एक सूक्ष्म धातूचा ठिपका तापवतात आणि त्याच्या इलेक्ट्रॉनांचं तापमान विजेच्या खळखळीवरून ओळखतात. क्वांटम हॉलमध्ये काठावरून भारही वाहतो, त्यामुळे खळखळ बाहेर ऐकू येते. अतिसंवाहकात ती खळखळ जोड्यांत बुडून जाते. मग तापमान ओळखायला वेगळा मार्ग लागतो, शेजारी ठेवलेली टनेलिंगची जोडणी वगैरे. शिवाय ०.३ केल्विनच्या अतिसंवाहकाची गॅपच एवढीशी, की ५० मिलिकेल्विनच्या खाली उतरल्याशिवाय आतल्या सुट्या इलेक्ट्रॉनांची उष्णता काठाच्या उष्णतेत मिसळत राहील. जाळीची कंपनंही उष्णता नेतात, ती वजा करायची. आणि ती वजा करायला तोच नमुना गेटने विद्युतरोधक करून एकदा मोजायचा, मग अतिसंवाहक करून पुन्हा. जाड स्फटिकात हे दुसरं मोजमाप घेताच येत नाही.

चिकट_टेप, तुझ्या रचनेत असा ठिपका काठाला लागून बसवता येईल का? बोरॉन नायट्राइड कोरून आत धातू सोडावा लागेल ना?

चिकट_टेप

येतो बसवता. क्वांटम हॉलच्या नमुन्यांत तसंच करतात: वरचं बोरॉन नायट्राइड प्लाझ्माने कोरायचं, ग्राफीनचा काठ उघडा पाडायचा आणि लगेच क्रोमियम-सोनं चढवायचं. त्या जोडणीचा रोध कमी येतो. रॉम्बोहेड्रल नमुन्यात मला भीती कोरण्याची नाही, त्याआधी-नंतरच्या तापवण्याची आहे. रेझिस्ट (नक्षी उठवायला लावतात तो लेप) भाजताना १५० अंशांच्या पुढे गेलं तर रचना घसरते का, ते आधी रामनने प्रत्येक पायरीनंतर तपासावं लागेल. आमच्याकडे बर्नल-रॉम्बोहेड्रल असे मिश्र तुकडे पडून आहेत, उपकरणाच्या कामाचे नाहीत पण या चाचणीला चालतील. पुढच्या आठवड्यात भाजून बघते आणि नकाशे इथेच टाकते.